पहिल्याच सभेत हात वर केला, कशाला केला ते आता कळतंय

वॉर्ड_सात | सोमवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. चार-पाच वर्षं इथे नुसती वाचते आहे, लिहायची ही पहिलीच वेळ. आमच्या गावात पट्टण पंचायत (छोट्या शहराची) आहे. नाव सांगत नाही, बेळगाव-खानापूर पट्ट्यातलं समजा, ओळखणारे ओळखतीलच. वॉर्ड महिलांना राखीव पडला, घरच्यांनी उभं केलं, निवडून आले. शिवणकाम करते. शाळा सगळी मराठीतून. कन्नड बोलता येतं, बाजारात भांडण्यापुरतं तर नक्कीच, पण वाचायचं म्हटलं की एकेक अक्षर जुळवत बसावं लागतं.

परवा पहिली सभा झाली. अजेंडा सात पानांचा, सगळा कन्नडमधून, आदल्या दिवशी दिवेलागणीला शिपाई देऊन गेला. सभेला मिस्टर सोबत आले ते थेट आत येऊन बसले. चहा आणि खुर्ची आधी त्यांना, मग मला. विषय नंबर चार ते अकरा एका दमात वाचले गेले आणि प्रत्येकाच्या शेवटी "घटनोत्तर मंजुराती". मला वाटलं घटना म्हणजे आपलं संविधान, शपथेसारखं काहीतरी असेल. सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. घरी येऊन शेजारच्या मास्तरांना विचारलं तर हसायलाच लागले, सांगेनात.

एवढं एक कुणीतरी सांगा. दुसरं पाण्याचं. माझ्या वॉर्डात खालची गल्ली आणि वरचं टेक असे दोन भाग. पाणी एक दिवसाआड येतं. खाली दीड तास धो धो, टेकावर करंगळीएवढी धार, कधीकधी तीही नाही. टेकावरच्या बायकांना शब्द देऊन बसले आहे. आणि घरपट्टी एवढी कशी आली म्हणून रोज चारजण कागद घेऊन दारात येतात, त्यांना काय सांगू?

कारकुनी_३१ | सोमवार, रात्री ११.०२

अभिनंदन, ताई. मी एकतीस वर्षं पुरसभेत (पट्टण पंचायतीच्या वरची पायरी) काढली, तुमच्या नव्हे, चिकोडीच्या बाजूला. आता निवृत्त. मास्तर हसले ते बरोबर नाही केलं, पण हसण्यासारखं आहे खरं.

घटनोत्तर म्हणजे आपण मराठीत कार्योत्तर मंजुरी म्हणतो ती. काम झालं, बिल निघालं, पैसे गेले, आता सभेनं "होय, आमचीच संमती होती" म्हणायचं. त्यात दरवेळी लबाडी असते असं समजू नका. भर पावसात नदीवरच्या जॅकवेलची (पाणी उपसायच्या विहिरीची) मोटर जळाली तर सभा बोलावून, ठराव करून मग रिवाइंडिंगला टाकायची म्हटलं तर गाव कचेरीला टाळं ठोकेल. अशा वेळी मुख्याधिकारी आधी करून घेतात, मग सभेपुढं आणतात. पण आठ विषय ओळीनं घटनोत्तर आले की मात्र थांबवायचं. काम कधी झालं, कोणाला दिलं, मोजलं कुणी? इंजिनियरकडे मोजमाप वही असते, एम.बी. म्हणतात तिला. "एम.बी. बघायला द्या" एवढंच म्हणायचं. आवाज चढवायची गरज नाही. निम्मे विषय आपोआप पुढच्या सभेवर जातात, हे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं बघितलंय.

अजेंड्याचं भय घेऊ नका. निम्मे शब्द आपलेच आहेत, नुसते शेवटी उकार लावून बसलेत. ठरावु, खर्चु, हराजु (म्हणजे हर्रास, लिलाव). बाकी म्हणजे बाकीच. अंदाजुपट्टी म्हणजे अंदाजपत्रक, पण एका कामापुरतं; सगळ्या वर्षाचं बजेट असेल तर आयव्यय. कामगारी म्हणजे बांधकामाची कामं, कामगारांचा काही संबंध नाही, तिथं सगळे फसतात. नडवळी म्हणजे सभेचं इतिवृत्त. चरंडी गटार, बीदी दीप रस्त्यावरचे दिवे, तेरिगे कर, गुत्तिगेदार कंत्राटदार. हे दहा-बारा शब्द वहीत लिहून काढा, सात पानांतली पाच पानं उलगडतील.

आणि नडवळी पुढच्या सभेत कायम होते, तेव्हा ती वाचून घ्या. तुम्ही काय बोललात यापेक्षा तिथं काय लिहिलं गेलं, तेवढंच उरतं.

हुक्केरी_कडचा | मंगळवार, सकाळी ७.२०

कारकुनी काका, "तुर्तु" विसरला. तुर्तु सभे म्हणजे तातडीची सभा. आणि तुर्तु, हराजु हे तुमचे शब्द आम्ही नेले का आमचे तुम्ही नेले यावर एकदा बसू चहाला.

ताई, माझी मायबोली कन्नड. मराठी निपाणीच्या बाजारात शिकलो, तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहून. अजेंड्याचा फोटो पाठवा, रात्री वाचून आवाज रेकॉर्ड करून पाठवतो. एक पैसा नको. तुमच्याकडचे मांडे पार्सल आले तर नाही म्हणणार नाही.

पुण्यातला_बेळगावी | मंगळवार, सकाळी ९.४८

माफ करा, पण इथे सगळे एका बाईंना कन्नड शिकवायला बसलेत. प्रश्न उलटा आहे. ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त, तिथे महत्त्वाचे सरकारी कागद त्यांच्या भाषेतही द्यायचे, हे धोरण १९५६ पासून कागदावर आहे. लोकप्रतिनिधीला तिच्या भाषेत अजेंडा मिळत नसेल तर तिचा हात वर गेला तो कायद्यात तरी बसतो का? १ नोव्हेंबर १९५६ ला न विचारता आपल्याला तिकडे, आताच्या कर्नाटकात ढकललं, महाजन आयोगानंसुद्धा २६४ गावं महाराष्ट्राला द्यायला सांगितली, २००४ पासून सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे, आणि आपण शब्दार्थ पाठ करतोय.

कारकुनी_३१ | मंगळवार, दुपारी १.१५

साहेब, तुमचं दुखणं मलाही आहे. माझ्या आजोबांची घरपट्टीची पावती मराठीत आहे, अजून ट्रंकेत ठेवलीय. पण ताईंच्या वॉर्डात आज पाणी नाही.

तरी तुमच्या म्हणण्यात एक कामाचं आहे ते घेऊ. घटनेच्या ३५० व्या कलमानं (आता ही खरी घटना, ताई) कुठल्याही अधिकाऱ्याकडे तक्रार-अर्ज राज्यात किंवा देशात चालणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतो. तेव्हा अजेंडा मराठीत मिळावा असा अर्ज मराठीतच लिहा. दोन प्रती काढा, एकीवर आवक नंबर आणि शिक्का घेऊन या. उत्तर बहुतेक कन्नडमधून येईल. येऊ द्या. नंबर पडलेला अर्ज फायलीत राहतो, तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं.

संपादक | मंगळवार, दुपारी १.४०

सीमाप्रश्नाचा मोठा धागा वेगळा चालू आहे. इथे पट्टण पंचायतीपुरतं बोलूया.

चावीवाला | मंगळवार, रात्री ९.३०

पाण्याचं मी सांगतो. माझे बाबा वॉटरमन. सव्वीस वर्षं झाली, अजून कंत्राटीच हाईत. शाळेत असताना पहाटे त्यांच्यासंगं बॅटरी धरून फिरलोय, तवा जे सांगतो ते बघून सांगालोय.

नदीतनं पाणी जॅकवेलला, तिथनं पंपानं उंच टाकीत. टाकीतनं पुढं पंप न्हाई, पाणी आपल्या वजनानं खाली येतं. टाकीच्या बुडाला मेन व्हॉल्व्ह आणि मग हरेक गल्लीच्या तोंडाला एकेक, खड्ड्यात, वर लोखंडी झाकण. चावी म्हणजे टी आकाराची सळई, कमरेएवढी. कुठला व्हॉल्व्ह किती फेरे उघडायचा हे कुठल्या कागदावर लिहिलेलं न्हाई ओ. बाबांच्या मनगटात हाय ते. रजा पडली की बदली माणूस दोन फेरे जास्त फिरवतो आणि त्या दिवशी अर्ध्या गावाला पाणी न्हाई.

पाणी आधी उताराला पळतं. तुमची खालची गल्ली आणि टेक एकाच लाइनीवर असंल तर खालचा व्हॉल्व्ह बंद ठेवून आधी वर सोडायला पायजे, टेक भरलं की मग खाली. वॉटरमनला हे कळत न्हाई असं न्हाई. पण खालच्या गल्लीत पाणी अर्धा तास उशिरा आलं की त्याला पहाटे पाचला फोन येतात. टेकावरच्यांकडं त्याचा नंबर बी नसतो.

एक पहाट त्याच्यासंगं फिरा, अक्का. मिस्टरांना नेऊ नका, तो मोकळा बोलणार न्हाई. आणि बीडीचे चार पैसे देऊ नका, चहा पाजा.

टेंबवाडीची_सून | मंगळवार, रात्री १०.११

>> मिस्टरांना नेऊ नका

हे सोन्याच्या अक्षरांत लिहून सभागृहाच्या दारावर लावा.

पाच_वर्षं_पंच | बुधवार, सकाळी ८.०५

घरपट्टीबद्दल लिहितो. आमचं गाव ग्रामपंचायत होतं तेव्हा मी मेंबर होतो. मग लोकसंख्येत बसलं आणि पट्टण पंचायत झालं. (दहा ते वीस हजारांची वस्ती पट्टण पंचायत, पन्नासपर्यंत पुरसभा, त्यावर नगरसभा, साधारण असा हिशेब.) फटाके उडवले, कमान उभारली. सहा महिन्यांनी कळलं की उद्योग खात्रीची (रोजगार हमीची) कामं ग्रामपंचायतीच्या हद्दीतच चालतात. उन्हाळ्यात शंभर-सव्वाशे बायका नाल्याच्या, तळ्याच्या कामाला जायच्या, ते एका कागदानं बंद. घरं देण्याच्या योजनाही बदलल्या, खेड्याच्या यादीतली नावं शहराच्या यादीत कुणी आपोआप घालत नाही. आणि घरपट्टी शहराच्या पद्धतीनं.

लोक म्हणतात पंचायत चांगली होती. मला तसं एकदम म्हणवत नाही. पूर्वी गावभर एक पीडीओ (पंचायत विकास अधिकारी), तोही आठवड्यातले तीन दिवस दुसऱ्या पंचायतीत. आता मुख्याधिकारी, इंजिनियर, आरोग्य निरीक्षक, निदान खुर्च्या तरी आहेत. भरलेल्या किती ते वेगळं. पण शेतमजूर बाईला इंजिनियरचा काय उपयोग?

चंदगडचा_पाव्हणा | बुधवार, सकाळी ८.५०

आमच्याकडे महाराष्ट्रात पण तेच चाललंय, फक्त तुमची पट्टण पंचायत ती आमची नगरपंचायत. मुख्याधिकारी मात्र दोन्हीकडे मुख्याधिकारीच. आणि दोन्हीकडे ते नेहमी मीटिंगलाच गेलेले असतात.

कारकुनी_३१ | बुधवार, दुपारी १२.३०

डिसेंबरात तर बघायलाच नको. बेळगावला विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की सगळे साहेब सुवर्णसौधकडे, फायली इकडे.

घरपट्टीचं थोडं नीट सांगतो, ताईंना दारात उभं राहून उत्तर द्यायचंय. कर्नाटकात शहरी घरपट्टी मालकानं स्वतः मोजून भरायची असते. उपनोंदणी कचेरीत जागेचा जो सरकारी दर लागतो त्यावर हिशेब. दर वाढला की घर तेच, भिंती त्याच, पट्टी जास्त. एप्रिलमध्ये भरली तर ५ टक्के सूट, जूनअखेरपर्यंत आहे तेवढी, जुलैपासून दर महिन्याला २ टक्के दंडव्याज. लोक गणपतीत मुंबईहून येतात तेव्हा भरतात आणि व्याज बघून भांडतात. तेव्हा मार्च सरता सरता तुमच्या वॉर्डात रिक्षा फिरवून सांगा. एवढं केलंत तरी निम्मे कागदवाले दारात यायचे थांबतील.

दुसरं, पावतीवर पट्टीच्या खाली उपकर असतात. आरोग्य १५ टक्के, ग्रंथालय ६, आणि भिक्षुक उपकर ३. हो, भिकाऱ्यांचा. १९७५ चा भिक्षाबंदीचा कायदा आहे, निवारा केंद्रं चालवायला तो पैसा जातो. माझ्या खिडकीवर एक म्हातारा दरवर्षी यायचा, फाटकं धोतर. तीन टक्क्यांवर बोट ठेवून म्हणायचा, "हे माझं मला परत द्या." हे उपकर गाव गोळा करतं, पण ते गावाचे नाहीत, पुढं भरायचे असतात. छोट्या कचेऱ्या तंगीत ते वापरून बसतात आणि मग लेखापरीक्षणात शेरा येतो.

वॉर्ड_सात | बुधवार, रात्री ९.१०

काका, हे वाचून आज एका गृहस्थांना पावती समजावून सांगितली. ते म्हणाले, मागच्या मेंबरला एवढं कळत नव्हतं. मीही आज दुपारीच शिकलेय हे त्यांना सांगितलं नाही.

पण मग एक विचारते. कचेरीच्या फळ्यावर एवढे लाख आले, तेवढे लाख आले असं लिहिलेलं असतं. माझ्या वॉर्डात शंभर फूट गटार मागितलं तर "फंड नाही" म्हणतात. हे कसं?

कारकुनी_३१ | बुधवार, रात्री १०.२५

घरात दिवाळीचे डबे असतात ना, चकलीचा वेगळा, लाडवाचा वेगळा, तसं. चकलीच्या डब्यात लाडू घालायला परवानगी नाही.

केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा घ्या. २०२१ ते २६ या काळात त्यातला ६० टक्के बांधलेला होता, निम्मा पिण्याच्या पाण्याला, निम्मा स्वच्छता-कचऱ्याला. उरलेला ४० मोकळा. राज्याच्या अनुदानातून आधी हेस्कॉमचं (वीज कंपनीचं) बिल, रस्त्यावरच्या दिव्यांचं आणि पंपांचं, मग पगार. विकासाच्या पैशातून २४.१० टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या वस्तीला-माणसांना, ७.२५ टक्के इतर गरिबांना, ५ टक्के दिव्यांगांना. हे ठेवलेच पाहिजेत आणि ठेवलेत ते बरंच आहे, नाहीतर ती वस्ती कायम शेवटी राहिली असती. आता उरलं काय? घरपट्टी, दुकानगाळ्यांचं भाडं, आठवडी बाजाराचा लिलाव. ती वसुली जेवढी, तेवढेच तुमचे हात मोकळे.

म्हणून "गटार द्या" म्हणू नका. "कुठल्या डब्यातून देता" विचारा. सांडपाण्याचं म्हणून मागितलं तर स्वच्छतेच्या पैशात बसू शकतं. आराखडा पाठवायच्या आधी नाव घातलं पाहिजे. मंजूर होऊन आला की त्यात ब्रह्मदेवसुद्धा गटार घालू शकत नाही, मग वर्षभर थांबा.

पुण्यातला_बेळगावी | गुरुवार, सकाळी १०.०२

कारकुनी काका, परवा जरा जास्त बोललो. मराठी अर्जाचा मसुदा मी करून देतो, ३५० वं कलम घालून. ताई, निरोप पाठवा.

कणकुंबीकर | गुरुवार, सकाळी १०.३०

मलप्रभा आमच्या दारातून निघते आणि आमच्याच नळाला पाणी नाही. चालू द्या.

वॉर्ड_सात | नऊ दिवसांनी, शनिवार, दुपारी ३.४५

उशीर झाला, लग्नसराई, ब्लाउजांचा ढीग पडलाय. पण झालेलं सगळं सांगते.

बुधवारी पहाटे साडेचारला वॉटरमन मामांसोबत गेले. एकटीच. मिस्टर उठले होते, म्हटलं झोपा. टाकीपासून चालत आलो. मामा प्रत्येक झाकण पायानं वाजवतात, आवाजावरून कळतं म्हणे आत पाणी साचलंय का. खालच्या गल्लीचा व्हॉल्व्ह उघडला, चार फेरे. मग म्हटलं टेकाचा दाखवा. मामा थांबले. म्हणाले, "बाई, तो दिसत नाही."

देवळाच्या कोपऱ्यावर एक बांधकाम चालू आहे. तिथे वाळूचा ढीग आहे, त्याच्याखाली! गणपतीच्या आधीपासून. मामांनी त्यांना दोनदा सांगितलं, ते म्हणाले स्लॅब पडला की काढतो. खोरं त्यांचंच तिथं पडलेलं होतं. आम्ही दोघांनी वाळू ओढली. झाकण गंजून एका बाजूनं खाल्लेलं, पोत्यानं झाकलेलं. उचललं तर आत बेडूक आणि हातभर गाळ. चावी बसेना. मामांनी हात घालून गाळ काढला, माझ्या हातात बॅटरी. शेवटी बसली, पण दीड फेऱ्यावर अडकली.

आता पुढचं. गुरुवारी सभा होती. हुक्केरीच्या दादांनी अजेंडा वाचून पाठवला होता (मांडे पोचले का?). विषय सहा, घटनोत्तर: वॉर्ड सात, देवळाजवळील व्हॉल्व्ह चेंबर दुरुस्ती, गाळ काढणे व झाकण बदलणे, ४८,००० रुपये.

मी दोनदा ऐकलं ते रेकॉर्डिंग.

सभेत विषय सहा आला तेव्हा उभी राहिले. पाय कापत होते. कन्नडमधूनच म्हटलं, एम.बी. दाखवा. कुणीतरी मागून हसलं. मुख्याधिकाऱ्यांनी इंजिनियरकडे बघितलं, इंजिनियरनी कारकुनाकडे. वही दुसऱ्या कचेरीत तपासणीला गेलीय म्हणाले. मी म्हटलं काल पहाटे मी त्याच चेंबरमध्ये बॅटरी धरून उभी होते, झाकण जुनंच आहे आणि गाळ माझ्या साडीला लागलाय. अध्यक्ष म्हणाले विषय पुढच्या सभेला. मी म्हटलं नडवळीत लिहा का पुढं गेला ते. लिहिलं. वाचूनही घेतलं.

मराठी अजेंड्याच्या अर्जाला आवक नंबर पडलाय. उत्तर आलं, कन्नडमधून.

कारकुनी_३१ | शनिवार, दुपारी ४.२०

वही कधीच तपासणीला जात नाही, ती कपाटात असते. शाबास, पोरी.

एक सावधगिरी. आता त्या चेंबरला घाईघाईनं नवं झाकण बसेल. बसायच्या आधी तारखेसकट फोटो काढून ठेवा.

वॉर्ड_सात | शनिवार, दुपारी ४.२६

काढलाय. बेडकासकट.

हुक्केरी_कडचा | शनिवार, संध्याकाळी ६.००

मांडे पोचले. पाच होते, आता दोन आहेत.

पाच_वर्षं_पंच | शनिवार, रात्री ८.१५

पाण्याचं काय झालं पण? त्या बायका एम.बी. पिणार नाहीत.

वॉर्ड_सात | शनिवार, रात्री ९.४०

तेच सांगायचं राहिलं. अडकलेला व्हॉल्व्ह प्लंबरनं सोडवला, आता पूर्ण उघडतो. टेकाला आधी सोडायचं असं मामांशी ठरलं. तरी वर अर्धी बादली भरायला दहा मिनिटं. खालचा बंद करून सुद्धा. खालच्या गल्लीतले आता माझ्यावर चिडलेत, पाणी उशिरा येतं म्हणून, आणि टेकावरचे चिडलेत की मेंबर नुसती फोटो काढत फिरते. चावीवाले दादा, आता कुठं चुकतंय?

चावीवाला | शनिवार, रात्री १०.०५

खालचा व्हॉल्व्ह बंद असून बी वर न्हाई म्हणजे मधे कुणीतरी ओढालंय. टेकाच्या लाइनीला देवळापासनं वर जाताना खालच्या गल्लीची मागची घरं जोडलेली असतील. त्यांचे नळ त्या लाइनीवर. नळाला थेट मोटर लावली की सगळं पाणी ते घर खेचतं.

दारोदार जाऊन विचारू नका, कुणी कबूल करत न्हाई. पाण्याच्या येळंला लाइट जायची वाट बघा. मागं सांगितलं तसं टाकीतनं पाणी वजनानं येतं, त्याला लाइट लागत न्हाई. मोटरींना लागते. लाइट गेली आणि टेकावर धार मोठी झाली की समजायचं.

आमच्याकडं हेस्कॉम हे काम फुकट करतंय.

चंदगडचा_पाव्हणा | शनिवार, रात्री १०.४०

वा. लोडशेडिंगचा असा उपयोग पहिल्यांदा ऐकला.

वॉर्ड_सात | चार दिवसांनी, बुधवार, सकाळी ७.५५

आज पहाटे पावणेपाचला लाइट गेली. मी टेकावरच होते, शेवटच्या घराच्या नळापाशी बादली लावून बसले होते. आजी बाजूला उभी. अंधार झाला, दोन-तीन मिनिटं काही नाही, मग नळ खाकरल्यासारखा आवाज आला आणि पाणी आलं. बादली दीड मिनिटात भरली. आजीनं घरातली सगळी भांडी बाहेर काढली, चहाचं पातेलंसुद्धा. वीस मिनिटांनी लाइट आली आणि धार परत करंगळी.

मामा आणि मी मागच्या बाजूनं खाली उतरत आलो. लाइट आल्यावर मोटरींचा आवाज ऐकू येतो, पहाटे दुसरा आवाजच नसतो. कुठल्या घरातून येतोय ते मामा सांगत होते, मी वहीत खुणा करत होते. अकरा झाल्या.

बारावा आवाज आमच्या परड्यातून आला. सासऱ्यांनी गेल्या उन्हाळ्यात बसवलेली, अर्ध्या एच.पी.ची, न्हाणीच्या मागं, वर जुना पत्रा टाकलेला. मला वाटायचं आमच्याकडे प्रेशर चांगलं आहे.

प्लंबर उद्या येतोय. मामा म्हणाले तुमची आधी काढा, मग अकरा घरांत मी सांगतो. सासरे सकाळपासून माझ्याशी बोललेले नाहीत.